रत्नागिरीला कोणत्या महिन्यात जावं? पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

रत्नागिरीला यायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, "कधी येऊ?" आणि त्याचं ठरलेलं उत्तर मिळतं, "नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हवा छान असते." उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. त्या चार महिन्यांत भरपूर हापूस मिळत नाही. धबधबे आटलेले असतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गणपतीपुळ्याला गाडी लावायला जागा नसते, आणि फेब्रुवारीचा उत्तरार्ध काही वर्षी मे महिन्यापेक्षा जास्त भाजून काढतो.

इथे समुद्र, मासे, आंबा, पाऊस आणि गर्दी, प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं आहे. ही वेळापत्रकं एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे सगळं एका फेरीत पदरात पडत नाही. म्हणून आधी एकच गोष्ट निवडा आणि तारखा तिच्यावरून काढा. खाली तेच क्रमाने सांगितलं आहे.

पहिली पायरी : कशासाठी येताय ते घरात बसून ठरवा

हा विचार सहसा कोणी करत नाही. सुट्टी मिळाली, तिकीट मिळालं, निघाले. मग जुलैत आलेले लोक "बोटिंग कुठे आहे?" विचारतात आणि जानेवारीत आलेले लोक आंब्याची पेटी शोधतात.

किनाऱ्यावर फिरायचं, किल्ला बघायचा, शहर पायी पालथं घालायचं, तर थंडीचे दिवस. पोटभर हापूस खायचा, तर एप्रिलअखेर ते मेचा पूर्वार्ध. ताजी मासळी हवी, तर सप्टेंबरपासून पुढे. पाऊस, धबधबे आणि हिरवे सडे, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे माळ, बघायचे, तर जुलै ते सप्टेंबर. कातळशिल्पं (सड्यांवर कातळात खोदलेली जुनी चित्रं) किंवा कासवांची पिल्लं बघायची असतील तर त्यांचे महिने आणखी वेगळे. घरातल्या प्रत्येकाला एकेक गोष्ट विचारा. सगळ्यांचं एकमत होणार नाही, पण कोणती गोष्ट चुकली तर चालणार नाही हे त्यातून कळेल. तारखा त्या गोष्टीच्या.

दुसरी पायरी : हवेचे महिने समजून घ्या

पुण्या-नाशिकचे तीन ऋतू डोक्यात ठेवून रत्नागिरीला येऊ नका. इथे थंडी नावापुरती असते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १८ ते २० अंशांवर येतो, दुपारी ३१-३२ असतो. स्वेटर लागत नाही. पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत चालायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट पुरतो.

फेब्रुवारी-मार्चबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पहिल्यांदा येणारे इथेच फसतात. आकडेवारीत रत्नागिरीचं मे महिन्यातलं दुपारचं तापमान ३२-३३ अंश दिसतं, म्हणून मार्च त्याहून सौम्य असेल असं वाटतं. पण शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येणारा खारा वारा किनारपट्टीला थंड ठेवतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत काही दिवस पूर्वेचे, म्हणजे जमिनीवरचे कोरडे वारे जोर धरतात आणि खारा वारा सुटायला दुपार उलटते. तेवढ्या वेळात पारा ३८-३९ अंशांपर्यंत चढतो. राज्यात सगळ्यात जास्त तापमान रत्नागिरीत, अशी बातमी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते ती यामुळे. हे रोज होत नाही. दोन-चार दिवसांची लाट येते आणि ओसरते. पण तुमचे तीन दिवस नेमके त्यात सापडले तर अकरा ते चार खोलीत बसावं लागेल. या काळात यायचं असेल तर निघण्याच्या आदल्या आठवड्यात हवामान खात्याचा कोकणासाठीचा उष्णतेचा इशारा जरूर बघा.

एप्रिल-मेचा त्रास वेगळा. तापमान फार नसतं, पण हवेतला दमटपणा अंगातलं पाणी काढतो. सावलीत बसलं तरी घाम थांबत नाही. ज्यांना रक्तदाबाचा किंवा दम्याचा त्रास आहे अशा आजी-आजोबांना मेमध्ये आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आंबा त्यांना घरपोच पाठवता येतो.

जूनमध्ये पाऊस. मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागतं आणि पावसाचं आगमनही साधारण त्याच सुमारास होतं. पण त्यावर पैज लावू नका. २०२५ साली मेच्या शेवटच्या आठवड्यातच मोसमी पाऊस कोकणात दाखल झाला आणि त्याआधीचा वळीवही जोरदार होता. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतरची सहल ठरवताना छत्री आणि पर्यायी बेत दोन्ही हाताशी ठेवा.

ऑक्टोबरकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. पहिल्या पंधरवड्यात परतीचा पाऊस असतो. दिवसभर कडक ऊन, मग दुपारनंतर गडगडाट आणि तासभर धो धो. भातकापणी त्याच दिवसांत असते, त्यामुळे गावांतून फिरताना शेतं सोनेरी दिसतात. उकाडा बराच असतो. नोव्हेंबर उजाडला की हवा बदलते.

वादळांची एक गोष्ट लक्षात ठेवा. अरबी समुद्रात चक्रीवादळं मुख्यतः पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये आणि नंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तयार होतात. नोव्हेंबर २००९ मधलं फयान, जून २०२० मधलं निसर्ग, मे २०२१ मधलं तौक्ते, तिन्ही नावं कोकणात अजून निघतात. त्यामुळे हे महिने टाळायचे असं नाही. पण बंदरावर धोक्याचा बावटा लागला आहे, होड्या परत बोलावल्या आहेत असं कळलं तर सहल पुढे ढकला.

तिसरी पायरी : आंब्यासाठी येणार असाल तर

हापूसचा मोहोर साधारण डिसेंबर-जानेवारीत येतो आणि तिथून फळ हाताशी यायला साडेतीन-चार महिने लागतात. पहिल्या पेट्या फेब्रुवारीत, कधी जानेवारीतही वाशीच्या बाजारात जातात आणि त्याचे फोटो छापून येतात. ते फोटो बघून कोणी फेब्रुवारीत येऊ नये. तो मूठभर आंबा असतो आणि त्याचा दर सामान्य माणसाच्या आवाक्यातला नसतो. झाडावर खरा भर एप्रिलमध्ये येतो. दर उतरतो एप्रिलच्या शेवटाला आणि मेमध्ये.

माझ्या मते २५ एप्रिल ते १० मे हा आंब्याचा सगळ्यात चांगला काळ. फळ भरपूर, दर बरा, वळवाचा धोका अजून कमी. मेच्या अखेरीस पाऊस शिवला की फळाची चव आणि टिकाऊपणा दोन्ही जातात आणि बागायतदार उरलेला माल कॅनिंगला घालतात.

खरेदीबद्दल थोडं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तरी हमरस्त्यावरच्या प्रत्येक टपरीतला आंबा कोकणातलाच असेल असं नाही. ओळखीतून एखाद्या बागायतदाराच्या घरी किंवा कलमांच्या बागेत जाऊन घ्या. झाडावरून उतरवलेला आंबा अढीत आठ-दहा दिवसांनी पिकतो. त्यामुळे "लगेच खायचा" आणि "घरी न्यायचा" असे दोन प्रकारचे आंबे वेगळे मागा. सगळीच पेटी तयार घेतली तर परतीच्या प्रवासातच आंबे खराब व्हायला लागतील. देठाजवळ वास यायला लागला आणि साल किंचित सुरकुतली की आंबा कापायचा, आधी नाही.

आंब्याच्या आधी, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, ओल्या काजूगरांचे दिवस असतात. खानावळीत त्या दिवसांत काजूगरांची उसळ आहे का, विचारा. सुके काजू भिजवून केलेल्या उसळीला ती चव नाही. मेमध्ये फणस, करवंदं, जांभळं आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, येतात. रातांब्याची सालं अंगणात वाळत घातलेली दिसली तर थांबा, घरचं आमसूल आणि कोकमाचं आगळ तिथेच मिळेल.

चौथी पायरी : माशांसाठी येणार असाल तर

१ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. मिरकरवाडा बंदरात होड्या ओळीने नांगरलेल्या दिसतात, जाळी विणायचं काम चालू असतं. या दोन महिन्यांत ताटात आलेली सुरमई बहुतेक वेळा बर्फातली असते किंवा बाहेरून आलेली. तेव्हा खाडीतले मासे, कालवं, मुळे नावाचे शिंपले आणि सुकी मासळी खावी. सोड्यांची (सुक्या कोलंबीची) खिचडी किंवा सुक्या जवळ्याची चटणी पावसात जितकी रुचते तितकी एरवी रुचत नाही.

बंदी ३१ जुलैला संपली तरी लगेच बाजार भरत नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून कोळी बांधव होड्या लोटतात, त्यानंतर मासळी वाढत जाते. त्याच सुमाराला श्रावण असतो आणि मागोमाग गणपती येतात, त्यामुळे घरोघरी आणि बऱ्याच खानावळींतही शाकाहार असतो. मासे खायलाच यायचं असेल तर गणपती विसर्जनानंतरचे दिवस धरा. सप्टेंबरअखेरपासून बांगडा चांगला मिळतो, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाजार भरलेला असतो. मिरकरवाड्याला सकाळी लवकर किंवा होड्या परतण्याच्या वेळी जा. तिथे काम करणाऱ्या बायका-माणसांच्या पायात येऊ नका आणि फोटो काढायच्या आधी विचारा.

पाचवी पायरी : पाऊसच बघायचा असेल तर

मला विचाराल तर रत्नागिरीचं सगळ्यात देखणं रूप पावसातलं. पण ते कोणाला झेपेल याचा नीट विचार करावा लागतो. जिल्ह्यात जून ते सप्टेंबर मिळून सव्वातीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुणे शहराच्या वर्षभराच्या पावसाच्या चौपटीहून जास्त. त्यातला निम्म्याहून अधिक जून-जुलैत. जुलैत तीन-तीन दिवस उघडीप मिळत नाही. कपडे वाळत नाहीत, वीज जाते, रस्त्यावर झाड पडलेलं असतं.

म्हणून पावसासाठी पहिल्यांदा येणाऱ्यांनी जुलै सोडून ऑगस्टचा मध्य किंवा सप्टेंबर धरावा. सरी असतात, मध्ये ऊन पडतं, धबधबे वाहते असतात. निवळीचा धबधबा, उक्षीचा धबधबा, मार्लेश्वरचा धारेश्वर, तिन्ही रत्नागिरीहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे. खरी गंमत मात्र सड्यांवर आहे. जांभ्या दगडाचे हे उघडे माळ उन्हाळ्यात काळेठिक्कर दिसतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच कातळावर बोटभर मातीत रानफुलं येतात. निळीजांभळी सीतेची आसवं आणि अशी कितीतरी. एकेका फुलाचं आयुष्य काही दिवसांचं, सगळा बहर जेमतेम दोन महिन्यांचा. गाडी सड्यावर चढवू नका, कडेला लावा आणि पाय जपून टाका. याच सड्यांच्या डबक्यांत बेडूक, खेकडे आणि पाण्यातल्या नाजूक वनस्पती नांदत असतात, आणि एका चाकाखाली ते सगळं चिरडलं जातं.

समुद्र मात्र या दिवसांत फक्त लांबून बघायचा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात. नद्यांच्या गढूळ पाण्याने लाटा मातकट होतात. लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात, त्यामुळे पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा, अरुंद होते, काही ठिकाणी खडक उघडे पडतात. ती वाळू दिवाळीनंतर हळूहळू परत येऊन साचते. फोटोत दिसणारी रुंद, स्वच्छ वाळू पाहिजे असेल तर डिसेंबरच्या आधी ती अपेक्षा ठेवू नका.

मुसळधार लागला आणि बाहेर पडणं शक्य नसलं तर शहरातली बंदिस्त ठिकाणं आहेत : ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधलेला थिबा राजवाडा, टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, १९३१ साली उभं राहिलेलं पतितपावन मंदिर आणि झाडगावातलं मत्स्यालय, जिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा मांडलेला आहे. लहान मुलं सांगाड्यासमोरून हलत नाहीत.

सहावी पायरी : कातळशिल्पं आणि कासवं

ही दोन्ही आकर्षणं गेल्या काही वर्षांत वाढली आहेत आणि दोन्हींना ठराविकच महिने आहेत.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायपीट करून शोधलेली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षीचा हत्ती रत्नागिरीपासून जवळ आहे, राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा त्याहून प्रचंड आहे. पावसाळ्यात या खोदचित्रांत पाणी साचतं आणि भोवती गवत माजतं. ते वाळलं, कापलं की रेषा मोकळ्या होतात, म्हणून नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. सकाळी साडेनऊच्या आत किंवा चारनंतर जा. तिरप्या उन्हात खोदलेल्या रेषेत सावली पडते आणि आकृती उठून दिसते. भर दुपारी कातळ पांढरा भगभगीत होतो, समोरचं चित्रही कळत नाही, वर सावलीला झाड नाही. चित्रावर पाय देऊ नका, पाणी ओतू नका, खडूने रेषा गिरवू नका.

ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. म्हणजे पिल्लं समुद्रात जाताना बघायची तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. वेळासचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ते मंडणगड तालुक्यात, जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला आहे. रत्नागिरी शहरात राहून वेळास करायचा बेत आखू नका. शहराच्या दक्षिणेला, पावसच्या पुढे, पूर्णगडची खाडी ओलांडली की गावखडीचा किनारा आहे, तिथेही अंडी जपली जातात. आदल्या दिवशी गावातल्या कासवमित्रांना विचारून मगच निघा. ज्या दिवशी घरट्यातून पिल्लं निघतील त्याच दिवशी ती दिसतात, कोणाच्या सोयीने नाही.

सातवी पायरी : पंचांग उघडा

इंग्रजी तारखांवर सहल ठरवणारे लोक एक गोष्ट विसरतात : कोकणातली गर्दी तिथीने चालते. गणपती आणि शिमगा हे दोन सण आले की मुंबईचा चाकरमानी गावाकडे निघतो आणि रेल्वे, एसटी, महामार्ग, सगळं भरून जातं. तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते आणि अधिक महिना पडला की एकदम पुढे सरकते. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. २०२५ मध्ये कोणी "ऑगस्टचा शेवट टाळा" म्हणालं असेल तर २०२६ मध्ये तो सल्ला लागू होत नाही.

गणपतीत शहरातल्या लॉजमध्ये खोल्या मिळतात, कारण येणारा प्रत्येकजण स्वतःच्या घरी जातो. पण तुमचा प्रवास हालाचा होईल आणि खानावळींतले बरेच लोक गावी गेलेले असतील. कोणाच्या घरी बोलावणं असेल तरच या दिवसांत या, आणि असेल तर मात्र चुकवू नका. शिमग्याचं वेगळं आहे. ग्रामदैवतांच्या पालख्या निघतात, रत्नागिरीत श्री देव भैरीची पालखी निघते, आणि ते बघायला परका माणूसही मोकळेपणाने उभा राहू शकतो. फाल्गुन पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरा, उन्हाची तयारी ठेवा.

बाकी गर्दी सुट्ट्यांची. दिवाळीनंतरचा आठवडा, २५ ते ३१ डिसेंबर, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि सगळा मे. गणपतीपुळ्याला संकष्टीला, त्यातही अंगारकीला रांग फार लांब जाते. शांतपणे दर्शन हवं असेल तर मंगळवार सोडून आठवड्याच्या मधला कोणताही दिवस बरा.

आठवी पायरी : यायचं कसं, हे ऋतूवर अवलंबून आहे

नोव्हेंबर ते मे रेल्वे किंवा रस्ता, काहीही चालेल. मुंबईहून रेल्वेने गाडीनुसार पाच ते सात-आठ तास लागतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे १ मेला निघायचं तर मार्चच्या पहिल्याच आठवड्यात तिकीट काढायला बसा. स्टेशन शहराबाहेर कुवारबावला आहे, रात्री उशिरा पोहोचणार असाल तर लॉजवाल्यालाच रिक्षा सांगून ठेवायला सांगा.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. गाड्यांचा वेग कमी केला जातो, जोराच्या पावसात तो ताशी ४० किलोमीटरवर आणतात, आणि वंदे भारतसारखी गाडी आठवड्यातले कमी दिवस धावते. दरडींपासून माणसं वाचावीत म्हणून हे केलेलं आहे, त्याबद्दल कुरकुर करू नये. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि सगळा मार्ग जवळजवळ दिवसभर बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये तर चिपळूणच्या पुराने रस्ता आणि रेल्वे दोन्ही तोडली. म्हणून पावसात आलात तर परतीच्या दिवसाला लागूनच महत्त्वाचं काम ठेवू नका. एक दिवस मोकळा सोडा.

पुण्या-कोल्हापूरकडून येणाऱ्यांना आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट उतरावा लागतो. पावसात दोन्हीकडे धुकं आणि दरड. घाट दिवसाउजेडीच उतरायचा, एवढा नियम पाळा.

नववी पायरी : तारीख ठरली की भरतीची वेळ काढा

सहल सात दिवसांची असो नाहीतर दोन दिवसांची, ही पायरी गाळू नका. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब सोपा आहे : तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले तीन बारा, भागिले चार तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. तिच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरेसं आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिचा जोर कमी.

हा हिशेब जीव वाचवतो. संकष्टीला गणपतीपुळ्याला सर्वात जास्त गर्दी, आणि चतुर्थी असल्यामुळे दुपारी समुद्र नेमका चढत असतो. दर्शन घेऊन, जेवून, दोन-अडीचला पाण्यात उतरणारे लोक सर्वात वाईट वेळ निवडतात. तिथला आणि आरे-वारेचा किनारा पायाखाली झटकन खोल होतो, आणि तिथे बुडालेल्यांच्या बातम्या दरवर्षी येतात. पोहता येणाऱ्यांनीही कमरेपुढे जाऊ नये. जीवरक्षक शिट्टी वाजवतो तेव्हा वाद न घालता बाहेर या. मुलांना पाण्यात खेळवायचंच असेल तर भाट्याचा किनारा, तोही ओहोटी पूर्ण होऊन पाणी स्थिर असताना, घोट्याएवढ्या पाण्यात. मांडवीच्या काळ्या वाळूवर फक्त बसायचं आणि सूर्यास्त बघायचा.

सूर्यास्ताची वेळही महिन्याने बदलते. डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, मेमध्ये सातच्या सुमाराला. रत्नदुर्ग किल्ल्यावर जायचं तर थंडीत पाचला वर असायला हवं.

दहावी पायरी : मग नेमके कोणते दिवस?

काहीच ठरत नसेल, पहिलीच खेप असेल, घरात लहान आणि म्हातारी दोन्ही माणसं असतील, तर दिवाळीची गर्दी ओसरल्यापासून २० डिसेंबरपर्यंतचे दिवस घ्या. हवा चांगली, मासळी भरपूर, किनाऱ्यांवर वाळू परत येऊ लागलेली, खोल्यांचे दर उतरलेले. ते नाही जमलं तर १० जानेवारी ते १० फेब्रुवारी. १४ जानेवारीला संक्रांतीची मार्लेश्वरची यात्रा असते, त्या दिवशी देवरुखकडचा रस्ता गजबजलेला असेल.

फक्त दोघंच येणार असाल आणि भिजायची तयारी असेल, तर गणपती विसर्जनानंतरचा सप्टेंबर. आंब्यासाठी येणाऱ्यांनी वर सांगितलेला एप्रिल-मेचा पंधरवडा, पण सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतरच बाहेर. वातानुकूलित खोलीवरचा खर्च त्या दिवसांत वाचवू नका.

खोली ठरवण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा. त्या आठवड्यात तिथे जत्रा, पालखी किंवा यात्रा आहे का. वीज गेली तर पंखा चालेल का. आणि जेवण तिथेच मिळतं का, मिळत असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं का. घरगुती राहण्याच्या सोयीत मोदक, घावणे किंवा ताज्या माशाचं कालवण हवं असेल तर आदल्या संध्याकाळी सांगितलेलं बरं, म्हणजे सकाळी बाजारातून तुमच्या नावाचा मासा येतो.

मेचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर या काळात येणार असाल, तर निघायच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा रत्नागिरी जिल्ह्याचा इशारा बघा. पिवळा असेल तर छत्री घेऊन निघा. नारिंगी असेल तर घाट आणि धबधबे बेतातून काढा. लाल असेल तर निघूच नका, आणि लॉजवाल्याला फोन करून तारीख बदलून मागा. आगाऊ रक्कम देतानाच ही अट बोलून ठेवलेली असेल तर तेव्हा अडचण येत नाही.